दोन कुलपांची कल्पना

तिला सगळे घुमी म्हणायचे, अगदी आईसुद्धा. बोलणं म्हटलं की तिच्या जिवावर यायचं. वडील चाव्या करून द्यायचे. बाजाराच्या तोंडाशी त्यांची एवढीशी टपरी होती, दिवसभर कानस चालायची, आणि गिऱ्हाईक समोर ताटकळत असलं तरी बापलेकींपैकी एकजण चकार शब्द काढेल तर शपथ. असल्या घरातली पोर कॉलेजात जाऊन एकदम वक्ता कुठून होणार? वर्गात उत्तर येत असलं तरी ही शेजारणीच्या कानात सांगायची. शेजारीण उठून शाबासकी घ्यायची. घुमीला वाईट वाटायचं, पण ती ते गिळून टाकायची.

घुमी धरून कॉलेजातल्या सात जणांनी मिळून एका मोठ्या स्पर्धेसाठी प्रकल्प घेतला होता. पाण्यात शिसं असलं की लाल होतील असे जिवाणू तयार करायचे. मार्गदर्शक म्हणून एक निवृत्त सर होते. फुफ्फुसांच्या दुखण्याने पार खंगलेले, तरी रोज दुपारी येऊन प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे. पण काम काही पुढे सरकेना. शिशाने उघडावं म्हणून जिवाणूंत जे जनुकांचं कुलूप बसवलं होतं ते ढिलं निघालं. स्वच्छ पाण्यातही ते आपलं आपण उघडायचं आणि सगळं लालेलाल. चार महिने हाच खेळ. टीमचा कॅप्टन रडकुंडीला आला होता.

एका बुधवारी सगळे जेवायला गेले होते. घुमी बेसिनपाशी चंबू धूत होती. मागे वळून न बघताच ती म्हणाली, "सर, एका दाराला दोन कुलपं लावली तर?"

सरांनी तिला समोर बसवलं. मग तिने अडखळत सांगितलं. बाबांकडे दुकानदार येतात. एका कुलपावर भरवसा नसला की ते दुसरंही घालतात. एक चुकून उघडेल, पण दोन्ही एकाच वेळी चुकून कशी उघडतील? शिसं आलं तरच दोन्ही उघडावीत, आणि दोन्ही उघडली तरच रंग यावा. सरांनी खिशातून तपकिरी डायरी काढली, चित्र काढलं आणि म्हणाले, "पुन्हा सांग." तिला आजवर हे कुणी म्हटलं नव्हतं. त्या आनंदात तिने दोन चंबू फोडले.

शुक्रवारी मीटिंग होती. सरांनी फळ्यावर दोन कुलपं काढून सगळं नीट समजावलं. पोरं थक्क झाली, कॅप्टनने तर टाळ्याच वाजवल्या. आता सर आपल्याकडे वळतील, असं घुमीला वाटलं. सर वळले, पण त्यांनी तोंड उघडलं आणि खोकल्याची अशी उबळ आली की थांबेचना. दोघांनी धरून त्यांना घरी नेलं. तिथून दवाखाना, आणि वीस दिवसांत सर गेले. घुमी भेटायला गेली होती, पण सगळ्यांच्या मागे उभी राहून परत आली. तिच्या मनात एक काटा सलत होता. सरांनी आपलं घेतलं. मरणाच्या दारातल्या माणसाबद्दल असलं मनात येतंच कसं, म्हणून ती स्वतःला शिव्या घालायची, पण यायचं ते यायचंच.

दोन कुलपांनी काम फत्ते केलं. मग आलं श्रेयाचं पान. कुणी काय केलं, मार्गदर्शकांनी काय आणि विद्यार्थ्यांनी काय, हे ओळीओळीने लिहायचं असा स्पर्धेचा नियमच होता. मुदत संपली की पान बंद, मग स्वल्पविरामसुद्धा हलत नाही. कॅप्टनने लिहून ठेवलं होतं, 'दोन कुलपांची कल्पना: सर.' शेवटच्या दिवशी ज्याने त्याने आपली ओळ तपासायची होती. एका संशोधन संस्थेत यातल्या एकाची निवड व्हायची होती, आणि तिथे बघणार होते ते हेच, स्वतःच्या डोक्याने काय केलं ते. घुमीला तिथे जायचं होतं. दुसरं तिने काही मागितलंच नव्हतं.

ती त्या ओळीशी बोट ठेवून बसली. तेवढ्यात कॅप्टन म्हणाला की हे पान आपण काकूंना दाखवायला नेणार आहोत. काकू म्हणजे सरांची बायको. झालं. घुमीने बोट काढून घेतलं. गेलेल्या माणसाचं नाव खोडायचं, तेही त्याच्या बायकोच्या डोळ्यांदेखत? तिने स्वतःपुढे 'जिवाणू वाढवायच्या प्लेट्स ओतणे, काचसामान धुणे' एवढंच लिहिलं. सरांना तिने मनातल्या मनात माफ करून टाकलं आणि वर स्वतःची पाठही थोपटून घेतली. हे सांगायलाच हवं, कारण खरं पाणी तिथेच मुरत होतं.

संस्थेत विचारलं, दोन कुलपांची कल्पना कुणाची? ती म्हणाली, सरांची. मग तुमचं काय? तिने प्लेट्सचं सांगितलं. निवड कॅप्टनची झाली. घुमी एका डेअरीत दूध तपासायला लागली.

सात-आठ महिन्यांनी काकूंचा निरोप आला. त्यांनी सरांचं टेबल आवरायला काढलं होतं. घुमी गेली तर समोर ती तपकिरी डायरी. काकूंनी बुधवारचं पान उघडून तिच्यापुढे सरकवलं. तेच चित्र होतं. खाली सरांच्या कापऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'ही कल्पना सर्वस्वी घुमीची. शुक्रवारी सगळ्यांना समजावून झालं की तिचं नाव सांगायचं. ती स्वतः सांगणार नाही.'

घुमीने ते तीनदा वाचलं. काकूंनी तिला रडू दिलं, पण जवळ घेतलं नाही.

"त्यांनी आयुष्यात कुणाचं पेनसुद्धा ठेवून घेतलं नाही गं," काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही त्यांच्या नावावर हे लिहिलंत. तू तरी एकदा मला विचारायचंस."

विचारायला हवं होतं, खरंच. काकूंच्या घरापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा होता. घुमीने तिथूनच कॅप्टनला फोन लावला. जन्मात बोलली नाही एवढं ती बोलली. कॅप्टन थंडपणे म्हणाला, "सर गेल्यावर बरी आठवण झाली तुला." फोन काकूंनी घेतला आणि डायरीतल्या त्या ओळी त्याला वाचून दाखवल्या. मग तोही वरमला. माफी मागितली, पण पान कायमचं बंद झालं होतं. त्याने स्पर्धावाल्यांना लिहून पाहिलं, चार दिवसांनी तेच उत्तर आलं.

ते सांगायला घुमी पुन्हा काकूंकडे गेली. काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे जो कुणी वाचेल, त्याला वाटणार हे यांचंच," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि ज्याला खरं कळेल, तो म्हणणार म्हाताऱ्याने पोरीचं लाटलं."

घुमीला यावर खूप काही बोलायचं होतं. हेच तर मी वर्षभर मनात म्हणत होते काकू, एवढं एक वाक्य तिच्या ओठांवर येऊन थांबलं. ती मान खाली घालून उभी राहिली. काकूंनी थोडी वाट पाहिली आणि मग दार लावून घेतलं.