हे दुखणं माझ्या ओळखीचं नाही

हिंगण्याच्या रस्त्यावरचा प्रत्येक संडास मयुरा मेश्रामला ठाऊक होता. कुठल्या पेट्रोल पंपावर किल्ली मागावी लागते, कुठल्या बँकेचा शिपाई बाईमाणसाला नाही म्हणत नाही, सगळं पाठ. तिची मुलगी काजल वर्षाची असताना मयुराला क्रोन्स नावाचा आजार निघाला होता. आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, भरतात आणि पुन्हा चिघळतात. जन्माचा सोबती. शेजारणी दबक्या आवाजात 'मयुराचं पोट' म्हणायच्या. मयुरा मात्र तोंडावर सांगे, "दिवसातून दहा खेपा जा लागते मले. त्यात लाजाचं काय?"

तिचे आजोबा छप्पन साली दीक्षाभूमीवर उभे राहिलेले. मान खाली घालून बोलू नये, हे त्या घरात वेगळं शिकवावं लागत नसे.

गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनवणाऱ्या कारखान्यात ती तपासणीला होती. सैल बसलेला जोड तिच्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळायचा. आजाराला कधी गोंजारत, कधी दामटत तिनं बारा वर्षं नोकरी टिकवली. मग दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात दुखणं बदललं.

पूर्वी पोट खाल्ल्यावर दुखायचं आणि मोकळं झालं की थांबायचं. आता ते बेंबीच्या डावीकडे एकाच जागी ठाण मांडून बसलं. उलट्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं.

"जुनाच आजार उसळलाय, ताई," दवाखान्यातले तरुण डॉक्टर म्हणाले. "स्टिरॉइड वाढवू."

तीन आठवडे गोळ्या खाऊन ती पुन्हा त्यांच्यासमोर बसली. "डॉक्टर, माझं दुखणं मी बारा वर्षं सांभाळलं. हे दुखणं माझ्या ओळखीचं नाही."

"इंटरनेटवर काही वाचलंत का?"

"नाही. पोटाचं ऐकते मी. स्कॅन लिहून द्या. नाहीतर 'गरज नाही' असं कागदावर लिहा आणि खाली सही करा."

बाहेर रांग लागली होती. मयुरा उठली नाही. डॉक्टरांनी स्कॅन लिहून दिला.

लहान आतडं एका जागी पार आवळलेलं दिसलं. जुन्या जखमांच्या वणांनीही असं होतं, नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही, असं सर्जन मिनल मॅडम म्हणाल्या. ऑपरेशन करून त्यांनी दीड फूट आतडं काढलं. दहा दिवसांनी तपासणीचा कागद आला. कॅन्सर होता.

"लहान आतड्यात हा फार क्वचित होतो," मॅडम म्हणाल्या. "ज्यांना क्रोन्स जुना आहे त्यांच्यात थोडा जास्त. पण तो नेमका त्या वणांतच दडतो. तुम्ही हटून बसला नसता, तर आम्ही अजून सूजच समजत राहिलो असतो."

तिचा नवरा अंकुश तिथंच रडायला लागला. मयुराने विचारलं, "बाजूच्या गाठींत गेला का?"

"दोन गाठींत. म्हणून केमो द्यावी लागेल."

घरी आल्यावर ती न्हाणीत नळ सोडून बसली. भीती होतीच, पण तिच्याहून मोठा होता संताप. बारा वर्षं या आतड्याची मनधरणी केली, तिखट सोडलं, लग्नाच्या पंगती सोडल्या, आणि त्यानं हे वाढवून ठेवलं. तिनं नळ बंद केला आणि बाहेर येऊन काजलला म्हणाली, "भात टाक वं. भूक लागली मले."

सहा महिने केमो चालली. केस विरळ झाले, ते तिनं मनावर घेतलं नाही. पण हातापायांची बोटं बधिर झाली. ब्लाउजचा हूक लागेना. ती कामावर परतली तेव्हा सैल जोड बोटांना कळेनात.

"कंपनी सोडून दे," अंकुश म्हणाला. "मी आहो ना."

"काहून सोडू? काम येते मले."

कंपनीतल्या गौरांग साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून पाणी विचारलं. "तुमच्या तब्येतीसाठीच म्हणतोय, ताई. राजीनामा दिलात तर सगळं सन्मानानं करून देऊ."

"माह्या तब्येतीचं मी पाहीन, साहेब. तुम्ही माह्यं काम पाहा. तीन महिने द्या आणि टेबलावर भिंग लावून द्या."

हे ती सगळ्या लाइनीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. भिंग लागलं. पहिला महिना ती सगळ्यांत मागे होती. बोटांनी जे आपसूक व्हायचं ते आता डोळ्यांनी एकेक करून शिकावं लागत होतं. संध्याकाळी डोकं ठणकायचं. तिसऱ्या महिन्यात तिच्या टेबलावरून गेलेला एकही जुडगा परत आला नाही. राजीनाम्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

आज दोन बोटं अजून बधिर आहेत. क्रोन्स आहे तिथंच आहे, गोळ्या चालू आहेत. आतापर्यंतचे स्कॅन स्वच्छ निघाले. दवाखान्यातल्या मुलीनं परवा तिला पुढची तारीख लिहून दिली. मयुराने चिठ्ठी वाचून परत सरकवली.

"त्या दिवशी माझ्या पोरीचा दहावीचा पेपर आहे. दुसरी द्या."

"मॅडम, कॅन्सरच्या पेशंटनं तारीख चुकवू नये."

"चुकवत नाही. बदलून मागते."

त्या मुलीनं कॅलेंडरचं पान उलटलं.