मामांच्या भातगिरणीला जावयाचा होकार

साठच्या दशकातली गोष्ट. हल्ली मुळशीला जाणाऱ्यांनी धरण पाहावं, पण मी गेलो होतो इंजिनाची परीक्षा घ्यायला. माझी बायको सुमन, तिच्या मामांनी पौडच्या पुढे भातगिरणी घातली होती. घरात अभियांत्रिकी शिकवणारा जावई असताना बाहेरचा माणूस कशाला, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही दोघांनी सकाळची एस.टी. पकडली. पिरंगुटच्या घाटात पुढे बसावं, मागे हाडं खिळखिळी होतात. तिकीट स्वस्त, धूळ फुकट. मामींनी पोचताक्षणी तांदळाची भाकरी आणि खेकड्यांचा रस्सा वाढला. त्या रस्स्यासाठी मी आजही त्या रस्त्यानं जाईन.

मग इंजिन रिकामं चालवून मी इंधनाचा दांडा आधी सावकाश, मग भरभर मागेपुढे हलवला. प्रत्येक लयीला वेग किती डोलतो, किती मागे रेंगाळतो, याचा आलेख काढला. अडचण इंधनाच्या झडपेची होती: सुरुवातीला कंजूस, पुढे उधळी. अशा वाकड्या यंत्रांसाठी तेव्हा एक नवी कसोटी आली होती. आलेख एका तिरक्या रेषेच्या उजवीकडे राहिला, तर यंत्र नक्की स्थिर, म्हणजे त्याचा वेग हाताबाहेर जाणार नाही. रेषा ओलांडली तर कसोटी गप्प बसते. बिघडेल असंही म्हणत नाही. माझा आलेख कमी वेगाला उजवीकडे होता, पूर्ण वेगाला त्यानं रेषा ओलांडली.

मी कागदाकडे बघत बसलो. सासरच्या वडीलधाऱ्यांना तोंडावर नाही म्हणायचं जिवावर आलं होतं. बाहेर वाडीवरच्या बायका भाताची ओझी घेऊन बसलेल्या. मामी हळदकुंकवाचं ताट घेऊन इंजिनावरून गिरणीकडे जाणाऱ्या पट्ट्याला खेटून उभ्या. मामांनी नारळ फोडला आणि पूर्ण वेगासाठी दांड्याला हात घातला.

"मामा, थांबा!"

"आता काय? तुमी गप बसला, म्हंजी व्हयच की! सोयरिकीत दुसरं काय असतं?"

"मी हो म्हटलेलं नाही."

"मंग न्हाई म्हना."

"तेही म्हणता येत नाही. इंजिन पिसाळून पट्टा सुटला, तर जवळचा माणूस जायचा. कमी वेगाची खात्री देतो. पूर्ण वेगाची देता येत नाही."

"समद्या गावादेखत, जावईबापू," एवढंच मामा म्हणाले. पण दांडा मागे घेतला. गिरणी दिवसभर रखडत चालली, बायका ताटकळल्या. मला फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर मामींनी दिलेला तांदूळ सुपात घेतला, तर त्यात सालासकट राहिलेले कितीतरी दाणे. आम्ही दोघं निवडायला बसलो.

"पूर्ण वेगानं चालवली असती, तर एवढं निवडावं लागलं नसतं," सुमन म्हणाली. "कदाचित काही झालंही नसतं."

"कदाचित." माझं बरोबर होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

तिनं सालाचा एक दाणा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मामी पट्ट्याला अगदी खेटून उभी होती."

आणि आम्ही निवडत राहिलो.