मीच लिहिलेली वाक्यं

मिरा रोडच्या एका कंपनीत, मनुष्यबळ विभागात, मी पुस्तिका लिहिते. व्यवस्थापकांनी माणसं कशी सांभाळावीत, हे शिकवणाऱ्या. बढती हुकलेल्याला काय सांगावं, भांडलेल्या दोघांना समोरासमोर कसं बसवावं. मागे त्यातच एक प्रकरण लिहिलं होतं: घरात मृत्यू झालेला कर्मचारी कामावर परत येतो तेव्हा. बरंच वाचून लिहिलं होतं. वाक्यं मुद्दाम साधी ठेवली, कुणाच्याही तोंडी बसावीत अशी.

त्यानंतर माझा नवरा गेला. झोपेतच.

नवघरच्या आमच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही. शेजारच्या गुजराती काकूंना कडू घास म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मयताच्या घरी पहिला घास शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भरवायचा असतो, हे त्यांना कोणीतरी जिन्यात सांगितलं असावं. खिचडीचं पातेलं घेऊन त्या आल्या आणि सासूबाईंपुढे बसल्या. "खा लो बा. रोना तो है ही." ताट रिकामं होईपर्यंत त्या उठल्या नाहीत. कसं झालं, काय झालं, काही विचारलं नाही.

तेरावं झाल्यावर मी कामावर जायचं ठरवलं. प्रश्न सासूबाईंचा होता. संध्याकाळी त्यांचा मुलगा ज्या वेळेला कामावरून यायचा, त्या वेळेला त्या खाली गेटपाशी जाऊन उभ्या राहायच्या. एकदा गॅसवर दूध ठेवून गेल्या. मी बाजारातून पोचले तेव्हा घर धुरानं भरलं होतं. त्या रत्नागिरीच्या, बोलायला तिखट. म्हणाल्या, "तुझ्या सायबाला सांग, म्हातारी काय ऑफिसात येऊन बसत नाय. तुलाच घरी बसव म्हणावं."

मला तेवढंच मागायचं होतं. महिनाभर घरून काम. सासूबाई सावरेपर्यंत.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला, फोन उलटा ठेवला. मग म्हणाले, "तुमच्यावर काय गुजरतंय हे मला पूर्ण कळणार नाही. पण ऐकायला मी आहे." आणि थांबले. माझ्या लक्षात आलं, हे प्रकरणातलं पहिलं वाक्य. त्यापुढे मी कंसात लिहिलं होतं, इथे थांबावे. ग्लास सरकवणं, फोन उलटा ठेवणं, तेही मीच लिहिलेलं. त्यांनी मनापासून पाठ केलं होतं. माणूस वाईट नव्हता.

मी सासूबाईंचं सांगितलं, दुधाचं सांगितलं, महिना मागितला.

"तुमचं म्हणणं माझ्यापर्यंत पोचलं," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात पुन्हा बसू."

छापलेलं प्रकरण तिथेच संपत होतं. मी लिहिलं तेव्हा मात्र पुढे आणखी एक वाक्य होतं: कर्मचाऱ्याने काही मागितले असेल तर ते देता येईल की नाही, हे उठण्यापूर्वी सांगावे. ते साहेबांनी काढायला लावलं होतं. व्यवस्थापक बांधला जातो, असं म्हणाले होते. तेव्हा मला ते एक वाक्यच वाटलं.

पुढचा आठवडा त्यांच्या दौऱ्यात गेला. काकू अधूनमधून डोकावायच्या, पण त्यांना त्यांचं घर होतं. गावाहून दीर आले. आईला गावी नेतो म्हणाले. सकाळी सासूबाईंनी स्वतःच लुगडी पिशवीत भरली. जाताना म्हणाल्या, "तुझी नोकरी जायला नको माझ्यापायी. तिकडं गेटबिट नाय. कुठं उभी राहू?" मुलाची चप्पल दाराशीच होती. ती त्यांनी नेली.

मग एकदाचे साहेब भेटले. ग्लास, फोन, सगळं पुन्हा. घरचं कसं चाललंय, विचारलं. मी म्हटलं, सासूबाई गावी गेल्या, आता महिना नको. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, बघा, वेळ दिला की माणसं आपापला मार्ग काढतात. पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत हा अनुभव उदाहरण म्हणून घालता येईल का? नाव अर्थातच बदलून. तुम्हीच लिहिलंत तर उत्तम.

मी म्हणाले, "सर, त्या दिवशी मला हो किंवा नाही, एवढंच हवं होतं. नाही म्हणाला असतात तरी मी दुसरी काही सोय पाहिली असती."

ते माझ्याकडे बघत, मान किंचित झुकवून, थांबले.

तसं थांबायला मीच शिकवलं होतं. मी उठले आणि जागेवर जाऊन बसले.