कोर्टाचं स्टूल

माझ्या आत्येसासूला गल्लीत सगळे 'कोर्ट' म्हणायचे. तिने एकदा कोंबडा म्हटलं की कोंबडा, कोंबडी म्हटलं की कोंबडी. वर अपील नाही. स्वभावही तसलाच. अकरा वर्षं मी या घरात आहे, आणि त्यात ही बाई माझ्याशी एक वाक्य सरळ बोलली असेल तर शपथ.

आमचा धंदा अंड्यांचा. पिल्लं सरमिसळ यायची, नर-मादी न निवडलेली. ती दहा-बारा आठवड्यांची झाली की आत्या दारातल्या स्टुलावर बसायची, एकेक पाखरू काखेत धरायची आणि निवाडा द्यायची. तलंगा, म्हणजे पुढे अंड्यावर येणाऱ्या कोंबड्या, आतल्या खुराड्यात. नर खाटकाच्या पिंजऱ्यात. "तुऱ्याकडे बघू नका," ती सगळ्यांना दटावायची. "तुरा खोटं बोलतो. शेपटीच्या मुळाशी पीस बघा. टोकदार तो नर, गोल ती मादी."

लग्नानंतर पहिल्याच खेपेला मी एक पाखरू चुकवलं. झालं! तिने तो कोंबडा माझ्या काखेत कोंबला आणि शेजारणींसमोर मला अंगणात उभं केलं. "सूनबाईंचा हा कोंबडा अंडं घालणार आहे. थांबा, बघूनच जा!" सगळ्या खिदळल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्यानंतर निवडीच्या दिवशी मी नुसती हमाल. ती देईल ते पाखरू उचलायचं, सांगेल तिथे सोडायचं.

गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर यायची. "मला सगळं दिसतं! तुझ्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा!" पण मागच्या खेपेला तिने खुराड्यात धाडलेल्यांपैकी चौघे काही दिवसांत चक्क आरवायला लागले. मग माझ्या नवऱ्याने स्पष्टच सांगितलं, "आत्या, आणखी एकदा चूक झाली तर ते स्टूल हिचं."

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. मूलबाळ नाही, नवरा कधीच गेलेला. माहेरच्या या घरात तिला मान होता तो फक्त त्या नजरेचा. मला कीव आली असेल असं वाटतंय? छे! मी दिवस मोजायला लागले.

पुढच्या खेपेची निवड सकाळी सुरू झाली. पाखरं पांढऱ्या जातीची. यांच्या माद्यांनाही लवकर मोठा, लालभडक तुरा येतो. आत्याने पहिलं पाखरू काखेत घेतलं, पीस उचकटून डोळ्यांजवळ नेलं. पांढऱ्यावर पांढरं, तिला काही उमजेना. बोटं राठ झालेली, त्यांनाही टोक लागेना. शेवटी तिची नजर तुऱ्यावर गेली. तेवढा लाल रंग तिला दिसत होता.

"नर," ती म्हणाली.

पीस माझ्या नाकासमोर होतं. चांगलं गोल, नखासारखं. मी उचललं पाखरू, सोडलं खाटकाच्या पिंजऱ्यात. मग दुसरं, मग पाचवं. आतून अशा उकळ्या फुटत होत्या मला! चुक म्हातारे, चुक, अजून चार चुका कर.

मध्येच तिने माझं मनगट धरलं. अगदी हळू विचारलं, "नरच आहे ना गं हा?"

ती तलंग होती.

"तुम्ही एवढ्या जाणत्या," मी म्हटलं, "मला काय विचारता?"

तिने मनगट सोडलं. पुढचं पाखरू मागितलं.

सकाळीच पिंजरा घेऊन गेलेला खाटीक दुपारी तणतणत आला. "अहो, बावीस तलंगा कापल्या मी! पोटं उघडली तेव्हा कळलं. डोळे फुटले होते का घरातल्या सगळ्यांचे?" नवरा कपाळाला हात लावून बसला. बावीस कोंबड्यांची वर्षभराची अंडी गेली होती. मग उठला, आत्याला एका शब्दानेही न बोलता स्टूल उचललं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी बसले. का नाही बसू?

आत्या भिंत चाचपत आत निघाली होती. ती मागे फिरली आणि माझा चेहरा दिसेल इतक्या जवळ आली.

"तुला दिसत होतं?"

"दिसत होतं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला तर तिला ते ऐकवायचंच होतं.

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

ती वळली आणि पुन्हा भिंत चाचपत आत गेली. माझ्या पाठीमागून आवाज आला, माझ्या नवऱ्याचा.

"ऊठ तिथून," तो म्हणाला.