चावलेली कार्डं

दादा गेल्यावर वहिनीने त्याची क्रिकेटची कार्डं माझ्या हाती दिली. "भाऊजी, तुम्हीच बघा ह्यांचं काय करायचं ते." लहानपणी च्युइंगगमबरोबर मिळायची, ती कार्डं. जुनी कार्डं विकत घेणारे एक गृहस्थ मी घरी बोलावले. दादाचे कपडे वाटून झाले होते, आता ही. मला काही वाटत नव्हतं.

ते गृहस्थ प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यांवरून अलगद बोट फिरवत होते. मी नुसता त्या बोटाकडे बघत बसलो. मध्येच ते थांबले.

"उंदराने कुरतडली का हो ही?"

"नाही. दादाने चावलीयेत."

खेळात जिंकलेलं कार्ड दादा लगेच कोपऱ्यात चावायचा. मग ते गुपचूप बदलायची कुणाची छाती नव्हती. आवडतं असेल तर जरा जोरात चावायचा.

"ही तुम्हालाच राहू द्या. कोपरा गेला की कार्ड संपलं."

म्हणजे ज्या कार्डांशी तो कधी खेळलाच नाही, त्यांनाच मोल होतं. असेल. वाद घालावासाही वाटला नाही.

ते गेल्यावर उरलेल्यांतलं एक कार्ड मी उजेडात धरलं. दातांच्या खुणांमध्ये एके ठिकाणी फट होती. दादाचा पुढचा दात पडला होता, तेव्हाचं असणार. त्या फटीत मी अंगठ्याचं नख टेकवलं. बरोबर बसलं. मग बराच वेळ ते तिथून काढलंच नाही.