आत्याची मंडळी

अंगात ताप भरला की आमची आत्या पेढे वाटायची. थर्मामीटर एकशे दोनवर गेला की पांघरुणातून हुकूम सुटे, "मंडळी गप्प झाली रे! जा, पाव किलो आण!"

मंडळी म्हणजे तिच्या कानात बोलणारे आवाज. आत्याला स्किझोफ्रेनिया होता. श्रीरामपुरात आमच्या गल्लीत कुणी करणी म्हणे, तर कुणी आजीलाच बोल लावी, "आईनं लाडावून ठेवली, दुसरं काय!" आत्या गोळ्या नेमाने घ्यायची. आवाज मंदावत, पण पुरते थांबत ते फक्त तापात.

एका थंडीत ताप यावा म्हणून ती तासभर नळाखाली बसली. ताप आलाच नाही, नुसत्या शिंका. "मंडळीबी शिंकाया लागली!" हसून हसून तिची पुरेवाट. आजी मात्र हसली नाही. तिला आणि मला घेऊन तडक दवाखान्यात गेली.

डॉक्टरबाई नव्या होत्या. तापाची गोष्ट ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा कधीकधी आपल्यावरच उलटते. तिचा आणि या आजाराचा संबंध असावा असं काही संशोधकांना वाटतं. अजून पक्कं कळलेलं नाही. पण नळाखाली बसायचं नाही आणि गोळ्या सोडायच्या नाहीत."

"म्हंजी माझेच पोलीस माझ्याच घरात शिरलेत?"

"काही जणांत तसं असूही शकेल."

आजीने हळूच विचारलं, "मग माझं काय चुकलं हुतं, बाई?"

"काहीच नाही, आजी."

आजी पदर तोंडाला लावून रडायला लागली. आत्या उठली, बाहेरच्या बाकांवर बसलेल्या तमाम पेशंटांसमोर उभी राहिली आणि ओरडली, "माझी आई निर्दोष सुटली!" कंपाउंडर धावत आला, तर त्यालाही मिठी.

पुढे दर महिन्याला ती दवाखान्यात तासभर आधी जायची. नव्या पेशंटच्या आईशेजारी जाऊन बसायची आणि तिला हसवल्याशिवाय उठायची नाही.

गेल्या वर्षी हृदयविकाराने आत्या गेली. भेटायला येणाऱ्यांत नेवाशाहून एक बाई आल्या, सोबत विशीतली मुलगी. आम्ही कुणीच त्यांना ओळखत नव्हतो. बाई म्हणाल्या, "पोरगी गोळी घेत नव्हती. मग आत्याबाई रोज सात वाजता फोन करायच्या. एक, दोन, तीन म्हनायच्या आन् दोघी एकदमच गिळायच्या."

मुलगी खाली बघत म्हणाली, "आता तीन कोण म्हणणार?"

कोपऱ्यातून आजी म्हणाली, "मी म्हनीन की!"

रोज सात वाजता आजी फोन लावते. 'एक' आणि 'दोन' बेताने म्हणते. 'तीन' असं ठोकून देते, की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागतो आणि फोनमधून त्या मुलीचं खळखळून हसणं ऐकू येतं.