काकूंचा ठिपका

चाक दिसलं की काकू आधी ते अंगठ्याने दाबून बघत. सायकलचं असो, गाडीचं असो, एकदा तर मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणाच्या तरी बाबागाडीचं. आतल्या बाळाकडे त्यांचं लक्ष नंतर गेलं. "हवा कमी आहे," एवढाच निकाल. मी समोर आलो की माझ्या पोटाकडे बघून म्हणत, "हवा जास्त आहे."

शॉमबर्ग या अमेरिकेतल्या उपनगरात आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. तीस वर्षं हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होत्या. निवृत्त झाल्या, यजमान गेले, आणि त्यांच्या वयाच्या बायका क्रूझची बुकिंग करत असताना यांनी जाड टायरची सायकल घेतली. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. लोक तिच्याबद्दल "कौतुक आहे हो" म्हणतात आणि लगेच आवाज खाली आणून पुटपुटतात, "पण या वयात?"

काकू सदुसष्टाव्या वर्षी नेवाडाच्या वाळवंटातून सायकलने जायला निघाल्या. बारा दिवस, एकट्या. तंबू, भांडं, पाणी, सगळं सायकललाच बांधायचं, डांबरी रस्ता सोडायचा, आणि एका गावानंतर दुसरं गाव दोन दिवसांनी येईल अशा कच्च्या वाटेला लागायचं. मंडळात कुणीतरी म्हणालं, "काकू, एकदा नीट विचार करा ना." काकू म्हणाल्या, "मी विचारत नाहीये, सांगतेय." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य.

सामान बांधायला मदत म्हणून मी गेलो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्या एकेक वस्तू तोलत होत्या. टूथब्रशचा दांडा करवतीने अर्धा कापला होता. मंडळातल्या बायकांनी रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून बेसनाच्या लाडवांचा भला मोठा डबा दिला होता. काकूंनी त्यातले चार उचलले. "बाकीचे तू ने. तुला वजनाची अट नाही."

अट वेगळीच होती आणि ती मुलाने घातली होती. तो क्युपर्टिनोला असतो. त्याने आईला काडेपेटीएवढा ट्रॅकर दिला. सायकल जिथे जाईल तिथे नकाशावर एक ठिपका सरकणार. "पण आई, एकदा जरी कुणाला तुझ्या मदतीला जावं लागलं, तर दॅट्स इट. सायकल बंद." काकूंनी शब्द दिला. मुलाच्या दिवसभर मीटिंगा, म्हणून ठिपक्यावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं. घरून काम करणाऱ्या माणसाला लोक रिकामाच समजतात, आणि माझ्या बाबतीत ते फारसे चुकत नाहीत.

निघताना काकूंनी मला सगळं समजावून सांगितलं आणि वर एक चिठ्ठीही दिली. मी तेव्हा तिसऱ्या लाडवावर होतो.

पाचव्या दिवशी ठिपका थांबला. एक तास झाला, दोन झाले. नकाशा मोठा करून पाहिला तर तपकिरी रंग तेवढा मोठा झाला. बायको म्हणाली, "अहो, दमल्या असतील, बसल्या असतील." मी म्हटलं, "सदुसष्ट वर्षांची बाई रणरणत्या उन्हात तीन तास हलत नाही आणि तुला बसणं सुचतंय?" आणि थेट तिथल्या शेरीफच्या ऑफिसला फोन लावला. घाबरलो की माझं इंग्रजी एकोणीसशे नव्वदच्या आसपास जातं. "माय आंटी इज अ डॉट," मी ओरडलो, "अँड द डॉट इज नॉट मूव्हिंग!"

बिचारा एक डेप्युटी सत्तर मैल धुरळा उडवत गेला. रस्त्याखालच्या कोरड्या मोरीत, गार सावलीत, बूट उशाला घेऊन काकू गाढ झोपल्या होत्या.

"मॅम, तुम्ही ठीक आहात ना?"

"होते. तुम्ही उठवेपर्यंत."

तो म्हणाला, गाडीत बसा, गावात सोडतो. नको. मग गार पाणी तरी घ्या. तेही नको. घेतलं तर ती मदत झाली असती. उलट काकूंनीच त्याला एक लाडू दिला, आणि जाता जाता त्याच्या जीपचं चाक अंगठ्याने दाबलं. हवा खरंच कमी होती.

चिठ्ठी मला संध्याकाळी सापडली. फ्रीजवर, पिझ्झाच्या कूपनाखाली. "अकरा ते चार सावलीत झोप. ठिपका हलणार नाही. घाबरू नकोस." शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा.

गाव लागल्यावर काकूंचा फोन आला. मुलगाही लाइनवर होता. "आई, यू गेव्ह मी युअर वर्ड."

"दिला होता. मदत लागली तर, असा दिला होता. मदत मला लागली नाही. तुम्हा दोघांना लागली."

"आई, प्लीज. वी आर जस्ट वॉचिंग ओव्हर यू."

काकू म्हणाल्या, "तीस वर्षं मी लोकांच्या उशाशी बसून आकडे बघितले रे. ज्याला भूल दिलीय त्याच्यावर नजर ठेवतात. मी जागी आहे."

उरलेले दिवस त्यांनी पुरे केले. पण परत आल्यावर मुलाने हट्ट धरला, पुन्हा सायकल नाही, आणि ट्रॅकर कायम पर्समध्ये. काकू "बरं" म्हणाल्या. ते "बरं" ऐकूनच मला संशय यायला हवा होता.

यंदाच्या मे महिन्यात सकाळी दाराची बेल वाजली. काकूंनी तो ट्रॅकर माझ्या तळहातावर ठेवला.

"मी युटाला चाललेय. हा तू फिरव रोज."

"अहो काकू, त्याला कळलं तर?"

"कळेलच. आल्यावर मीच सांगणार आहे. आधी सांगितलं की विचारल्यासारखं होतं."

"आणि काही झालं तर?"

"तर होईल. हवा जास्त आहे, तेवढी उतरव," असं म्हणत त्या गेल्यासुद्धा.

तेव्हापासून मी काकूंचा ठिपका खिशात घालून हिंडतोय. लायब्ररी, तळ्याभोवतीचा रस्ता, इंडियन ग्रोसरी. गाव लागलं की काकू मुलाला फोन करतात, हवापाण्याचं बोलतात. तो मला खुशीत मेसेज पाठवतो, "काका, आई इज सो ॲक्टिव्ह! लायब्ररी एव्हरी डे!"

काल माझी गाडी दुरुस्तीला होती. समोरच्या डोनटच्या दुकानात मी बसून राहिलो. चार तासांनी फोन वाजला.

"काका, आई डोनट शॉपमध्ये आहे. फोर अवर्स! फोन लागत नाही. ती हलत नाहीये. शुड आय कॉल समवन?"

आवाज त्याचा होता, भीती ओळखीची होती. गेल्या वर्षी ती मीच विकत घेतली होती. काकूंचा शेवटचा फोन येऊन सहा दिवस झाले होते. त्या कुठे आहेत ते मलाही ठाऊक नव्हतं. हातातला डोनट मी बशीत ठेवला. खरं सांगून टाकावं, असं अगदी जिभेवर आलं.

"अरे, दुपार आहे," मी म्हटलं. "सावलीत असतील. घाबरू नकोस."

फोन ठेवून युटाचा नकाशा उघडला. बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. सगळं तपकिरी. ठिपका कुठेच नव्हता.

मग उरलेला डोनट कागदात गुंडाळला, खिसा चाचपला, आणि काकूंना घेऊन चालायला लागलो.